आवाजाची सुट्टी

माझा आवाज एकदम गेला नाही. आधी तो सकाळी उशिरा यायला लागला. मी ड्युटीवर वेळेत हजर, आणि आवाज पहिली फेरी झाल्यावर. मग दुपारचा फाटायला लागला. शेवटी दिवाळीनंतरच्या गर्दीत एक दिवस अमळनेरच्या स्टँडवर मी दारात उभी राहून "चोपडा, चोपडा" म्हणायला तोंड उघडलं, तर नुसती हवा बाहेर आली. समोर उभ्या असलेल्या बाईनं मला विचारलं, "ताई, जांभई आली का?"

मी एसटीत कंडक्टर आहे, धुळे डेपोला. बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आमची गाडी भरून वाहते. त्यात वाईट काही नाही. बाया माहेरी जातात, बाजारला जातात, उगीचच बहिणीकडे चक्कर टाकतात. पण भरलेल्या गाडीत मागच्या सीटपर्यंत पोचायला आवाजच लागतो. पुढे सरका, दारात थांबू नका, बाळाचा पाय आत घ्या, कोण राहिलं तिकिटाचं. तिकिटाचं मशीन मिळालं, मोबाईलवरून पैसे घेण्याची सोय झाली, पण ओरडण्याला अजून काही यंत्र निघालेलं नाही.

घशाच्या डॉक्टरीणबाईंनी नाकातून बारीक कॅमेरा घालून मला माझाच गळा पडद्यावर दाखवला. दोन पांढऱ्या पट्ट्या होत्या, कडेला सुजून लाल झालेल्या.

"ह्या तुमच्या स्वरपट्ट्या," त्या म्हणाल्या. "ह्यांना सुट्टी कधी देता?"

"मला आठवड्याची सुट्टी असते," मी घोगऱ्या आवाजात म्हणाले.

"तुम्हाला नाही हो. ह्यांना."

मी विचार केला. सुट्टीच्या दिवशी तर ह्यांना जास्तच काम असतं. लेकीला उठवायचं, नवऱ्याला बाथरूममधून बाहेर काढायचं, गॅसवाल्याला खिडकीतून थांबवायचं, शेजारणीशी जिन्यात उभं राहून दोन तास बोलायचं. मी खुर्चीत जरा सरकून बसले. डॉक्टरीणबाईंना ते पुरलं असावं.

"उद्याचा पूर्ण दिवस एक शब्दही नाही," त्या म्हणाल्या. "कुजबुजायचंसुद्धा नाही, त्यानं उलट जास्त ताण येतो. खाकरायचं नाही. पाणी प्यायचं आणि गप्प बसायचं. पुढचे आठ-दहा दिवस हळू बोलायचं. ड्युटीचं मी लिहून देते."

घरी ही बातमी सांगितली तेव्हा नवऱ्यानं चेहरा दुःखी करायचा बराच प्रयत्न केला. तो नरडाण्याला एका कारखान्यात आहे, दिवसभर मशीनच्या आवाजात असतो, आणि घरी आल्यावर माझ्या. आमची लेक बारावीत आहे. तिनं सरळच सांगितलं, "आई, तू घरी राहिलीस तर बोलशील. तुला जमणार नाही."

"असं कसं जमणार नाही?" मी म्हणाले.

"बघ, बोललीस."

मग दोघांनी मिळून ठरवलं की मी दुसऱ्या दिवशी अक्काकडे जावं. अक्का माझी मोठी बहीण. अमळनेरच्या अलीकडे, फाट्यावरून आत तिचं गाव. लहानपणापासून ती कमी बोलणारी. म्हणजे आमच्या घरात बोलण्याचा जेवढा वाटा होता तो सगळा माझ्याकडेच आला होता, तिला शिल्लकच राहिला नाही. नवरा म्हणाला, "ती बोलत नाही, तू बोलायचं नाही. याच्यापेक्षा चांगला आराम कुठे मिळणार?"

सकाळी साधी साडी नेसून मी प्रवासी म्हणून गाडीत चढले. आमच्याच डेपोचा कंडक्टर होता. त्याला कालच कळलं होतं. त्यानं मला बघून नुसतं ओठांवर बोट ठेवलं आणि खिडकीची जागा दाखवली. इतक्या वर्षांत त्या रस्त्यावरून मी बसून कधी गेलेच नव्हते. उभं राहून रस्ता दिसतच नाही, माणसंच दिसतात. बसल्यावर कळलं की रस्त्याच्या कडेला एवढी शेतं आहेत. कापसाची शेवटची वेचणी चालली होती, मध्ये मध्ये हरभरा हिरवागार होता, आणि एका बांधावर कुणीतरी निवांत दाढी करत बसलं होतं.

माझ्या शेजारी एक म्हातारबाबा येऊन बसले. पांढरी टोपी, मांडीवर औषधांची पिशवी.

"कोठे जास व बेटा?" त्यांनी विचारलं.

मी गळ्याला हात लावला आणि नाही अशी खूण केली. ते माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम माया आली. मी मुकी आहे असं त्यांनी ठरवून टाकलं. नाही म्हणून समजावणार कसं? आणि मला मुकी धरल्यावर, का कोण जाणे, त्यांनी आवाज चढवला आणि मला कमी ऐकू येत असावं अशा बेतानं सगळी हकीकत सांगायला सुरुवात केली. गुडघा दुखतो म्हणून धुळ्याला जावं लागतं, रात्री मुलीकडे मुक्काम होतो, सकाळच्या गाडीनं परत. जावई चांगला आहे पण घरात सारखा टीव्ही लावतो. मग ते एसटीवर आले.

"या रस्तावर एक कंडक्टर बाई शे," ते म्हणाले. "भलती वरडस."

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

"पुढे चला, मागे सरका. एकदा माले म्हणे, बाबा, उतरायचं पक्कं झालं का घरी फोन करून विचारता? आता गुडघा दुखतो तर माणूस हळूच उतरणार ना?"

असं मी कुणाला म्हणाले होते ते मला आठवेना. कारण ते मी बऱ्याच जणांना म्हणते. पुढच्या सीटजवळ आमचा कंडक्टर मशीनमध्ये नको तितकं डोकं घालून उभा होता. त्याचे कान मागेच होते.

"पण तिचा एक उपयोग आहे," बाबा पुढे म्हणाले. "आमचं घर फाट्याला लागूनच. ती बाई फाट्याच्या अलीकडूनच ओरडते, उतरणारे पुढे या म्हणून. ते आमच्या घरात ऐकू जातं. ते ऐकलं की आमची म्हातारी तव्यावर भाकर टाकते. मी पाय धुऊन पाटावर बसेपर्यंत गरम भाकर ताटात. आता काही दिवस झाले, ती बाई ओरडतच नाही. दोनदा मला थांबून राहावं लागलं. म्हातारी म्हणते, गाडी आली कशावरून समजू मी?"

मला हसू फुटलं. पण डॉक्टरीणबाईंनी आवाज काढायचा नाही असं सांगितलेलं. मी तोंडावर पदर धरला आणि हसू आत दाबलं. खांदे गदगदा हलायला लागले, डोळ्यांत पाणी आलं. बाबांना वाटलं मी रडते आहे. त्यांनी घाईनं पिशवी उघडली, औषधांच्या पाकिटाखालून फुटाण्यांची पुडी काढली आणि ओंजळभर फुटाणे माझ्या हातावर ठेवले.

"रडू नको बेटा," ते म्हणाले. "ज्यासले बोलता येस ते लोके काय सुखी शेतस का?"

त्यांच्या फाट्यावर उतरताना त्यांनी कंडक्टरला बजावलं, "भाऊ, या बाईले नीट उतारी दे. तिले बोलता येत नही."

"हो बाबा, मला माहीत आहे," आमचा कंडक्टर गंभीरपणे म्हणाला. त्यानं दोरी ओढून डबल बेल दिली, आणि गाडी हलल्यावर तो दाराच्या दांड्याला धरून असा हसला की ड्रायव्हरनं मागे वळून बघितलं.

पुढच्या फाट्यावर उतरून मी आत चालत गेले, तेव्हा अक्का अंगणात म्हशीला पाणी पाजत होती. मला बघून तिला आनंद झाला, आणि मी काही बोलले नाही तेव्हा तो आनंद तसाच अर्धा राहिला. मी तयारीनं आले होते. मोबाईलवर लिहूनच ठेवलं होतं, की डॉक्टरांनी आज बोलायला बंदी केली आहे, गळ्याला सूज आहे, काळजीचं काही नाही, संध्याकाळी परत जाते. मी मोबाईल तिच्यापुढे धरला. चष्मा कुठे होता कुणास ठाऊक. तिनं मोबाईल लांब धरला, जवळ धरला, आणि शेवटी तो सोडून माझ्या तोंडाकडेच बघितलं.

"तुले काय व्हयनं व? घरमा भांडण व्हयनं का?"

मी मान हलवली. तिला ते पटलं नाही. मी गप्प आहे म्हणजे काहीतरी मोठंच झालेलं असणार, एवढं ती मला ओळखते. तिनं माझ्याच मोबाईलवरून माझ्या नवऱ्याला फोन लावायला लावला. पलीकडून तो काय बोलला ते मला सगळं ऐकू आलं.

"अक्का, काही भांडण नाही, गळा बसलाय तिचा. आजचा दिवस ठेवून घ्या. उद्यापर्यंत ठेवली तरी चालेल. इकडे फार शांत आहे."

अक्का आधी त्याच्यावर चिडली, मग हसली, मग माझ्याकडे बघून पुन्हा हसली. पडवीत खाट टाकली, गोधडी अंथरली आणि म्हणाली, "पड."

पडणं सोपं असतं असं मला वाटायचं. अजिबात नाही. खाटेवर पडल्या पडल्या मला सगळीकडे सांगण्यासारखं दिसायला लागलं. दोरीवरचं पातळ मातीत लोंबतंय. चुलीवरचं दूध वर येतंय. म्हशीचं दावं सुटलंय आणि ती पडवीच्या टोकाला ठेवलेल्या कापसाच्या ढिगाकडे निघाली आहे. मी उठून बसले आणि जोरजोरात टाळ्या वाजवल्या. अक्का आतून म्हणाली, "टाळ्या कशाला वाजवतेस, भजन आहे का?" मग बाहेर येऊन तिनं म्हशीला बघितलं आणि धावली. दोन-चार तोंडं कापूस गेलाच. पण त्यानंतर मला एक गोष्ट कळली. कपडा मातीत लोंबला तर लोंबला, तो अक्काला दिसतो. दूध उतू जायच्या आत तिनं उतरवलंच होतं. मी सांगितलं नाही तरी घर चालत होतं. ते लक्षात आल्यावर बरं वाटलं की वाईट हे ठरवायच्या आत मला झोप लागली.

दिवसाउजेडी, गजर न लावता, कुणी उठवेल ही धास्ती न बाळगता झोपणं मला माहीतच नव्हतं. जाग आली तेव्हा सावली पडवीतून अंगणात गेली होती आणि घरात तुपाचा वास होता. गळ्याला तिखट नको म्हणून अक्कानं मुगाची मऊ खिचडी केली होती. ताटाच्या कडेला तिनं सवयीनं लसणाची चटणीही वाढली. मी बोटाच्या टोकावर घेतली तेव्हा ती मुद्दाम म्हशीकडे बघत होती.

जेवणानंतर ती तुरीच्या शेंगा सोलायला बसली. मीही सोलायला लागले.  मग अक्का बोलायला लागली. आधी इकडचं तिकडचं, कुणाच्या घरी बारसं, कुणाचा बोअर आटला. ती बोलायची आणि मध्येच थांबायची. मला आधी कळेना का थांबते. मग लक्षात आलं, मी तिथे काहीतरी बोलेन म्हणून ती जागा सोडत होती. नेहमीचा रस्ता होता तो. ती एक वाक्य बोलायची आणि त्यावर मी दहा बोलायचे. त्या दिवशी ती जागा रिकामीच राहायची, आणि थोड्या वेळानं तीच पुढे जायची.

"तुला सांगू का," ती म्हणाली, "मला ही म्हैस नको झालीय."

माझं तोंड उघडलं. माझ्याकडे उत्तर तयार होतं. घरचं दूध, घरचं तूप, गावात राहून विकतचं दूध आणणार का, असं सगळं. मी तोंड मिटलं आणि एक शेंग सोलली.

अक्कानं वाट बघितली. मग म्हणाली, "सासूबाई होत्या तेव्हापासून बघतेय. एक गेली की दुसरी येते. आणि ही तर माझ्याशिवाय कुणाला हात लावू देत नाही. मागे मला ताप आला होता ना, तेव्हा हे माझी साडी गुंडाळून गोठ्यात गेले, डोक्यावर पदर घेऊन. म्हैस काही फसली नाही. शेजारीण फसली. मागून आली आणि ह्यांनाच म्हणाली, अक्का, बरं वाटतं का आता?"

पुन्हा पदर तोंडावर, पुन्हा माझे खांदे हलले. अक्काही हसत होती, पण हसता हसता तिचे डोळे शेंगांवरच होते.

"माझ्याच पोरीच्या लग्नात मी मांडवातून लवकर परत आले, तुला आठवतं? सगळे म्हणाले डोकं दुखत असेल. धार काढायची होती. तू धुळ्याला घर घेतलंस, वास्तुशांतीला मी आले आणि दुपारीच निघाले. तुझ्या घरी मी अजून एक रात्र झोपलेली नाही. तू रागावलीस. मी काय सांगणार, म्हशीसाठी जाते म्हणून?"

हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं तिला माझ्याकडे करमत नाही. तसं मी तिला बोलूनही दाखवलं होतं, एकदा नाही, बऱ्याचदा. आता मला खूप काही म्हणायचं होतं, आणि ते म्हणता येत नव्हतं. मी तिच्या पुढ्यातल्या शेंगा माझ्याकडे ओढून घेतल्या.

"घरात आम्ही दोघंच," अक्का म्हणाली. "पोरगी सासरी, पोरं जळगावला, त्यांच्या त्यांच्या नोकरीत. दोघांना दूध लागतं किती? बाकी सगळं डेअरीला जातं. लोक म्हणतील, थकली. म्हणू दे, थकलेच आहे मी. ह्यांना घरचं दही लागतं. मग जावेकडून आणू. भिंतीला भिंत आहे." तिनं हातातली शेंग मोडली. "जावेलाच दिली तर? तिच्याकडे सून आहे, दोघी मिळून करतील. म्हशीलाही गोठा बदलल्यासारखं वाटणार नाही, हाकेच्या अंतरावर तर आहे."

तिनं माझ्याकडे बघितलं. "तू काय म्हणतेस?" आणि मी मोबाईलकडे हात नेला तसं लगेच म्हणाली, "नको, लिहू नको. तू सांगितलंस की मला तुझंच पटतं. माझं मलाच ठरवू दे."

मला जरा लागलं. पण खोटं नव्हतं. मी मोबाईल खाली ठेवला. अक्कानं उरलेल्या शेंगा सोलल्या, दाणे सुपात पाखडले, आणि उठता उठता म्हणाली, "देऊन टाकते."

संध्याकाळी दाजी शेतातून आले. ते पाय धूत असतानाच अक्कानं सांगितलं, "म्हैस जावेला द्यायची ठरवलीय." दाजी पाय धूतच राहिले. एकच पाय बराच वेळ धुतला. मग म्हणाले, "चहा ठेव." चहा घेतल्यावर म्हणाले, "आणि मी दूध कुठलं प्यायचं?"

"हेच. पलीकडच्या गोठ्यातलं."

दाजींनी माझ्याकडे वळून बघितलं. "हे तू डोक्यात भरवलंस ना?"

मी गळ्याकडे बोट दाखवलं. आमच्या नात्यागोत्यात कुठे काही ठरलं की त्यामागे मीच असते असा सगळ्यांचा समज आहे, आणि तो बहुतेक वेळा बरोबर असतो. त्या दिवशी मात्र माझ्याकडे डॉक्टरांची चिठ्ठी होती. दाजी हसले, गाडी काढली आणि मला फाट्यावर सोडायला आले.  वाटेत ते शिट्टीवर काहीतरी वाजवत होते, म्हणजे फार वाईट वाटलेलं नसावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हळूच "चहा" म्हणून बघितलं. आवाज आला. बारीक होता, माझाच आहे की नाही असा, पण आला. लेक म्हणाली, "हाच ठेव ना, छान आहे." पुढे सूज उतरली. डॉक्टरीणबाईंनी ओरडण्याची सवय मोडायला सांगितलं, ती काही एकदम मोडली नाही. पण आता मी पुढच्या सीटवरच्या बाईला हळू आवाजात सांगते, "ताई, उतरणाऱ्यांना पुढे यायला सांगा," आणि ती मागे वळून असं सांगते की माझ्या बापजन्मात मी तसं ओरडले नसेन. बायांना हे काम आवडतं. काही जणी चढल्या चढल्याच विचारतात, आज कोण सांगतंय? त्या बाबांच्या फाट्याला ड्रायव्हर लांबून हॉर्न देतो. मी तसं सांगून ठेवलंय. त्यावर भाकर पडते की नाही, कळायला मार्ग नाही. ड्रेसवर असले की गाडीतली ती मुकी बाई मीच हे बाबा ओळखत नाहीत आणि मीही अजून सांगितलेलं नाही.

म्हैस संक्रांतीच्या आसपास जावेच्या गोठ्यात गेली. अक्कानं आपली एक वापरातली साडीही बरोबर दिली, वासानं तरी ऐकेल म्हणून. तिची गरजच पडली नाही. जावेच्या सुनेनं साध्या ड्रेसमध्ये जाऊन धार काढली आणि म्हैस मुकाट्यानं उभी राहिली. अक्कानं मला हे फोनवर सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात राग होता.

"इतकी वर्षं मला बांधून ठेवलं," ती म्हणाली. "आणि आता बघ. लाजसुद्धा नाही तिला."

मी बोलायला जाणार होते, पण ती आणखी काही म्हणेल म्हणून थांबले. ती म्हणाली, "मी येते तुझ्याकडे. राहायला."

आली. पहिल्या दिवशी अंधारातच उठली आणि स्वयंपाकघरात दिवा न लावता बसून राहिली. काय करायचं ते तिला सुचेना. दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त यावेळी तिनं माझे सगळे डबे घासून ठेवले. त्याच्या पुढच्या सकाळी उन्हं खिडकीतून आत आली तरी ती झोपलेलीच. लेकीनं मला येऊन विचारलं, "मावशीला बरं नाही का?" मी म्हटलं, "बरं आहे, म्हणूनच झोपलीय." नवरा डबा घेऊन चपला हातात धरून बाहेर गेला आणि त्या त्यानं जिन्यात घातल्या.

निघायच्या आदल्या दिवशी तिनं माझ्याबरोबर गाडीत यायचं ठरवलं. मला त्या दिवशी जळगावची फेरी होती. मी तिला खिडकीची जागा दिली, तिकीट फाडलं आणि माझ्या कामाला लागले. पारोळ्यापर्यंत ती बाहेर बघत होती. जळगावला मेहरूणचं तळं बघू म्हणाली, पण गाडी लगेच परत निघणार होती. मग स्टँडच्या बाहेर मेहरूणची बोरं घेतली आणि परतीच्या वाटेवर ती एकेक खात बसली. एरंडोल गेलं आणि तिची मान खिडकीला टेकली. तोंड थोडं उघडं, मांडीवर बोरांची पुडी. पारोळ्याला गर्दी चढली, धक्काबुक्की झाली, पुढच्या बाईनं माझ्या वतीनं सगळ्यांना मागे सरकवलं, तरी तिला जाग नाही. तिच्या शेजारी बसलेल्या बाईनं मला विचारलं, "ह्यांना कुठे उतरायचंय? उठवू का?"

"धुळ्याला," मी म्हणाले. "शेवटचा थांबा आहे. झोपू द्या."